पडद्यावरील द्वंद्वयुद्ध : मांडणी आणि घडण

संगणकाच्या पडद्यावर दोन योद्धे परस्परांवर तुटून पडतात, तेव्हा पाहणाऱ्यास हातापायांची चपळाई दिसते. संगणकास मात्र ना हात ठाऊक, ना पाय. त्याच्या लेखी हे सारे युद्ध म्हणजे क्रमवार चित्रे, काही अदृश्य चौकोन आणि काही आकडे, एवढेच होय. हे आकडे ज्याला वाचता येतात, तो केवळ खेळाडू न राहता खेळाचा नियमकर्ता होऊ शकतो.

खेळात बदल करण्याची ही वृत्ती संगणकावरील खेळांइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ सिद्ध केला. पुढे पीटर सॅमसनने त्यात खऱ्या आकाशातील तारे बसविले, तर डॅन एडवर्ड्सने मध्यवर्ती ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण आणले. १९९९ मध्ये ‘एलेकबाइट’ या संघाने ‘मुगेन’ ही आज्ञावली प्रसिद्ध करून हीच मुभा मुष्टियुद्धाच्या खेळात सर्वांस दिली. ‘मुगेन’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘अनंत’ असा आहे.

जबलपूर जिल्ह्यातील शहपुऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने घरच्या साध्या संगणकावर हा खेळ मांडावयाचे ठरविले, तर त्यास फारसे सायास पडणार नाहीत. मुगेनमध्ये ‘कुंग फू मॅन’ नावाचा एक योद्धा मुळातच असतो. नवा योद्धा आणावयाचा असल्यास त्याचा फोल्डर ‘चार्स’ या फोल्डरात ठेवावा आणि ‘सिलेक्ट’ नावाच्या यादीत त्याचे नाव लिहावे. एवढ्याने तो निवडीच्या पडद्यावर हजर होतो. मात्र कोणत्याही फाइलीस हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत बाजूस काढून ठेवणे इष्ट.

यापुढील भाग अधिक मनोरंजक आहे. मुगेनमध्ये एका सेकंदाचे साठ क्षण मानले जातात. प्रत्येक चित्र किती क्षण दिसावे, हे मजकुराच्या एका ओळीत लिहिलेले असते. प्रत्येक चित्रावर दोन प्रकारचे चौकोन कल्पिलेले असतात: एक आघाताचा, दुसरा देहाचा. एकाचा आघात-चौकोन दुसऱ्याच्या देह-चौकोनास छेदतो, त्याच क्षणी ठोसा ‘लागला’ असे ठरते. हात चित्रात कितीही लांब दिसो, चौकोन आखूड असेल तर ठोसा वाया जातो.

योद्ध्याचे बळ सामान्यतः १००० असते. कुंग फू मॅनचा हलका ठोसा त्यातून २३ वजा करतो. म्हणजे अशा ४४ ठोशांनी प्रतिस्पर्धी गारद होतो. उत्साहाच्या भरात २३ च्या जागी कोणी २५० लिहिले, तर चार ठोशांत निकाल लागेल. पहिल्या डावात मौज वाटेल. पण दुसऱ्या डावात जो प्रथम हात उचलेल तोच जिंकेल, आणि मग तिसरा डाव खेळावयास कोणी उरणार नाही! म्हणून जबर ठोशाला दीर्घ पूर्वतयारी द्यावी, ठोसा हुकल्यास सावरण्यास अधिक क्षण लागावेत. बळाची किंमत वेळात मोजावी, हेच या खेळाच्या समतोलाचे मर्म होय.

रणभूमीही बदलता येते. भेडाघाटास नर्मदेतून नावेने जाताना जवळचे संगमरवरी कडे झपाट्याने मागे सरतात, दूरची झाडे मात्र संथपणे सरकतात. तोच भास येथे ‘डेल्टा’ या आकड्याने साधतो: पुढच्या कड्यांस १, मागच्या झाडीस ०.५ लिहिले की दूरची झाडी निम्म्या वेगाने सरकते व सपाट चित्रास खोली येते. ही चित्रे स्वतः काढावीत हे उत्तम; दुसऱ्याच्या कलाकृती घ्यावयाच्या तर त्यास त्याची अनुमती हवी.

एका वेळी एकच आकडा बदलावा, खेळून पाहावे, फरक टिपून ठेवावा. प्रयोगशाळेतील शिस्त याहून निराळी नाही. अशा रीतीने खेळता खेळता विद्यार्थी कार्यकारणभाव शिकतो. आणि त्याबरोबरच नियम करण्याचा अधिकार हाती आला असता तो दोन्ही पक्षांस न्याय्य कसा ठेवावा, हेही शिकतो.