धूर, आवाज आणि नळी : मोटारीचा सायलेन्सर घरी बनवण्याविषयी

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला माणूस सायलेन्सरवर काय बोलणार? पण बघा, 'कारण कशाला म्हणावं', 'वस्तू कशासाठी असते' आणि 'माझं स्वातंत्र्य कुठे संपतं' हे आमचे तिन्ही जुने प्रश्न मोटारीच्या पोटाखाली एकत्र सापडतात. तेव्हा आज आपण गाडीखालीच शिरू.

उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ : प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याला बनलेली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, पण खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी महाराष्ट्रात आजही आहेत. तिचं उत्पादन थांबून २०हून अधिक वर्षं झाली. सायलेन्सर गंजून गळून पडला की तयार माल मिळेलच असं नाही, मिळाला तर बसेलच असं नाही. अशा वेळी घरच्या अंगणात तो बनवून घेणं ही हौस राहत नाही, गरज होते. आपण बोलणार आहोत ते या गरजेविषयी.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण बोलताना सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. वास्तविक ती एक साखळी आहे. इंजिनाला चिकटलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, त्याला फ्लँजने जोडलेली पुढची नळी, मध्ये सायलेन्सरचा डबा आणि शेवटी शेपटाची नळी. या साखळीची कामं चार : जळालेला वायू बाहेर नेणं, तो माणसांपासून दूर सोडणं, आवाज मारणं, आणि हे करताना इंजिनाची वाट न अडवणं. ही कामं एकमेकांशी भांडतात. आवाज मारायचा तर वाट थोडी अडतेच. म्हणून 'सर्वांत चांगला सायलेन्सर कोणता?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कशासाठी चांगला?' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आता पहिला निर्णय : नळी किती जाड घ्यायची? इथे गॅरेजात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, जितकी मोठी तितकी चांगली. दुसरं म्हणतं, इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच, म्हणून नळी बारीक हवी. दुसऱ्या मताला अनुभवाचा आधार आहे. फार मोठी नळी घातली की कमी वेगात गाडीची ओढ कमी झाल्यासारखी वाटते. पण अनुभव खरा असला म्हणून त्याचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही.

न्यायशास्त्रात यासाठी एक सुंदर संज्ञा आहे : अन्यथासिद्ध. कुंभार काठीने चाक फिरवतो आणि मडकं होतं. काठी हे मडक्याचं कारण. काठीचा रंगही दर वेळी तिथे हजर असतो, पण तो कारण नव्हे. माती वाहून आणणारं गाढवही नव्हे. उलटा दाब हा आपल्या प्रकरणातला काठीचा रंग आहे. नळी बारीक केली की दोन गोष्टी बरोबर येतात, वायूचा वेग वाढतो आणि उलटा दाबही वाढतो. फायदा होतो तो वेगाचा. वेगाने निघालेला वायूचा लोट आपल्यामागे किंचित पोकळी ठेवून जातो, आणि पुढचा लोट बाहेर पडायला तिची मदत होते. उलटा दाब हा नुसता तोटा आहे, वेगासाठी मोजलेली किंमत म्हणा हवं तर.

थोडा हिशेब करू, घाबरू नका. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार स्ट्रोकचं. मिनिटाला ४००० फेऱ्या असतील तर त्यातल्या २००० वेळा ते हवा भरून घेतं. सिलिंडर सुमारे ८० टक्के भरतात असं धरलं तर सेकंदाला साधारण २९ लिटर हवा आत जाते. बाहेर पडताना ती ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली धरली, तर फुगून जवळजवळ ७५ लिटर होते. आतून ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तिचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर येतो. तीच नळी ५० मिलिमीटरची केली की वेग ३८ मीटरवर येतो. व्यास एक तृतीयांशाहूनही कमी वाढला, पण वेग जवळपास निम्मा झाला, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून जुन्या नळीचं माप घ्यावं आणि त्याच मापाच्या जवळ राहावं. इंजिनात दुसरं काही बदललेलं नसताना मोठ्या नळीने हाती लागतो तो बहुधा आवाजच. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीत वाट फार मोकळी केली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊ शकतं, आणि मग जेटपासून सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

दुसरा निर्णय पत्र्याचा. साधा एम.एस. पाईप स्वस्त, वाकवायला आणि जोडायला सोपा, पण गंजतो. तो आतूनही गंजतो, हे लक्षात घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. भाजी आणण्यापुरती गाडी काढली तर डब्यातच साचतं. म्हणून डब्याच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचं भोक ठेवावं. स्टेनलेस टिकतं, पण त्याचं वेल्डिंग सवयीच्या हाताचं काम आहे. आणि नळकामाचा जी.आय. पाईप अजिबात वापरायचा नाही. त्याच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन उठतो, आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. स्वस्तात मिळतो म्हणून हा मोह अनेकांना होतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी घ्या. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली शिरण्याआधी गाडी मजबूत घोड्यांवर टेकलीच पाहिजे, विटांवर नाही. जुना सायलेन्सर कितीही कुजलेला असला तरी फेकू नका, तोच आपला नकाशा. तो तुकड्यांत असेल तर जाड तार गाडीखाली धरून वळणावळणाने वाकवा, आणि त्या तारेवरून नळी वाकवून घ्या. वाकवताना नळी चेपली की वाट तिथेच अरुंद होते. म्हणून आतला गोलावा राखणारं बेंडिंग ज्याच्याकडे होतं त्याच्याकडून वळणं करून आणावीत आणि सरळ तुकडे घरी कापावेत.

मग जोडणी. इथला नियम असा : आधी सगळं गाडीखाली टांगा, प्रत्येक सांध्याला तीन-चार टाके मारा, आणि पुरं वेल्डिंग खाली उतरवूनच करा. गाडीखाली टाके मारण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोलची नळी आणि टाकी कुठे आहे ते बघा, आणि वाळूची बादली व अग्निशामक हाताशी ठेवा. वेल्डिंग येत नसेल तर टाक्यांसाठी फॅब्रिकेशनवाल्याला घरी बोलवा आणि उतरवलेली नळी त्याच्या दुकानात पक्की करून घ्या. यात कमीपणा नाही. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९च्या ग्रंथात 'अमुक माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत जो भेद केला, तो वेल्डिंगच्या रेषेत जितका स्वच्छ दिसतो तितका वर्गात दिसत नाही.

नळी आणि गाडीचा तळ, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यांच्यात किमान इंचभर मोकळी जागा हवी, पेट्रोलच्या नळीपासून शक्य तितकी जास्त. मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यात वरखाली होतो, त्यालाही वाव ठेवा. टांगण्या रबराच्या हव्यात. इंजिन आपल्या रबरांवर डोलतं, आणि नळी तळाला घट्ट आवळली तर काही दिवसांत सांधा तडकतो.

डब्याविषयी थोडं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा धडधडतं, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठोके. डब्यात अरुंद नळीतून एकदम रुंद जागेत आल्यावर आवाजाच्या लाटेचा काही भाग मागे फिरतो आणि पुढच्या लाटांवर आदळून त्यांना मारतो. हे काम खर्जासाठी. भोकांच्या नळीभोवती काचलोकर गुंडाळली की वरचे, कर्कश स्वर शोषले जातात. नुसती काचलोकर भरलेला सरळसोट डबा वरचे स्वर खातो, खर्ज तसाच सोडतो, आणि प्रवासभर डोकं घुमत राहतं. म्हणून घरी डबा बनवण्यापेक्षा योग्य मापाचा तयार डबा आणून बसवावा, असं आमचं मत आहे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. या नळीतून कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. सांध्यातली छोटी गळती आणि तळाच्या पत्र्यातलं गंजलेलं भोक एकत्र आले की तो थेट मागच्या सीटवर पोहोचतो. तिथे मुलं झोपलेली असतात, आणि ती झोपलीत की गुंगीत आहेत हे पुढे बसलेल्याला कळत नाही. म्हणून तपासणी टाळायची नाही. गाडी उघड्यावर काढा, बंद गॅरेजात कधीच नाही. इंजिन थंड असताना सुरू करा, जाड हातमोजा घालून शेपटाच्या तोंडाशी चिंधीचा बोळा क्षणभर दाबा, आणि दुसऱ्या कोणाला तरी प्रत्येक सांध्याशी फुसफुस ऐकायला सांगा. शंका आली तर इंजिन तापण्याआधी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. शेपटाची नळी गाडीच्या अंगाबाहेर संपली पाहिजे, डिकीखाली नाही.

शेवटी कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आली. मूळ नमुन्याबरहुकूम नवा सायलेन्सर ही दुरुस्ती झाली. फटाके फोडणारी नळी हा बदल झाला. नव्या गाड्यांत तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून टाकणं म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या फुप्फुसात टाकणं. त्या गाड्यांना घरी हात लावू नये.

१९८९च्या केंद्रीय नियमांतला १२०वा नियम वाचण्यासारखा आहे. सायलेन्सरने आवाज व्यवहारतः शक्य तितका कमी करावा, असा त्याचा आशय. पुढे डेसिबलची मर्यादा येतेच, पण आधी अपेक्षा ठेवलेली आहे ती प्रयत्नाची. जॉन स्टुअर्ट मिल म्हणेल, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर तुमचं तुम्ही बघा. आवाजाच्या बाबतीत 'तोवर' फार लवकर येतं. गाडी माझी, पण तिचा आवाज खिडकीतून शेजारच्या आजारी माणसाच्या खोलीत जातो, आणि त्याला कान मिटता येत नाहीत. म्हणून काम संपल्यावर एक चाचणी जरूर करा. कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि आपण शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहा. तिथून जे ऐकू येईल त्यावरून ठरवा, काम झालं की अजून बाकी आहे.

इथे थांबू. कोणाकडे जुनी गाडी असेल आणि काही अडत असेल तर आता विचारा.