आजोबा निघाले मुंबईला

२००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला वर काढलं, गळ्यात रेडिओ कॉलर बांधली आणि माळशेज घाटात नेऊन सोडलं. वयाने पोक्त, स्वभावाने शांत, म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’.

इथवर गोष्ट नेहमीचीच. पण आजोबा माळशेजला थांबलेच नाहीत, सरळ पश्चिमेला निघाले! मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, वसईचा कारखान्यांचा पट्टा मागे टाकला. मग समोर वसईची खाडी आली. भाईंदरच्या पुलावर गाडीच्या खिडकीतून दिसते ना, तीच. आजोबा ती पोहून गेले आणि थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. साधारण महिनाभरात १२० किलोमीटरची मजल, आणि वाटेत एकाही माणसावर हल्ला नाही. आपल्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणसं किती दाटीने राहतात ते विरार लोकलमध्ये चढताना कळतंच. त्या दाटीतून एक भलामोठा बिबट्या गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही!

मग आपल्याला तरी हे कसं कळलं? गळ्यातल्या त्या कॉलरमुळे. ती ठरल्या वेळी उपग्रहांवरून स्वतःची जागा हुडकायची आणि मोबाइलच्या जाळ्यातून एसएमएस करायची. नकाशावर ठिपक्यामागून ठिपका उमटत गेला. ते ठिपके पाहणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या डॉ. विद्या अत्रेय. पुढे सुजय डहाके यांनी यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला. तो २०१४ साली आला. उर्मिला मातोंडकरने रंगवलेली त्यातली संशोधक विद्याताईंवरूनच सुचलेली. वन्यजीवशास्त्रज्ञ बाई नायिका आणि तिने ज्याचा माग काढायचा तो बिबट्या, असा सिनेमा आपल्याकडे निघाला हेही एक नवलच.

पण खरं कोडं त्याच्या बऱ्याच आधीचं आहे. विद्याताईंचे पती खगोलशास्त्रज्ञ. खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीमुळे बिऱ्हाड नारायणगावच्या बाजूला. म्हणजे जुन्नरचा उसाचा पट्टा. तिथे त्या वेळी माणसांवर बिबट्यांचे हल्ले एकाएकी वाढले होते. वनखात्याने सगळ्यांना सुचेल तोच उपाय केला: शेतातले बिबटे पकडायचे आणि लांब जंगलात सोडायचे. असे २९ बिबटे हलवले, सरासरी ४० किलोमीटर दूर. याने हल्ले कमी व्हायला हवेत, हो ना?

झालं उलटंच. विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ साली ही हलवाहलव सुरू झाली आणि आकडा १७ वर गेला. असं का व्हावं? जरा कल्पना करा, झोपेत उचलून तुम्हाला कुणी परक्या गावात टाकलं. ना वाट ठाऊक, ना पाणवठा, ना कोणत्या घरचं कुत्रं चावतं ते. तुम्ही घराच्या दिशेने चालू लागाल, बावचळाल, कुणी आडवं आलं तर अंगावरही जाल. आजोबांची चाल याच ओढीची असेल का? कुणी सांगावं! पुढे डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. कातडीखालच्या चिपवरून ओळख पटली, ते आजोबाच होते.

आता पुढचा प्रश्न. हे बिबटे जंगलातून शेतात येतात, हे तरी खरं का? विद्याताईंनी त्याच अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या बाजूला, उसाच्या रानात कॅमेरे लावले. ऊबदार अंगाचं काही समोरून हललं की आपोआप फोटो निघतो. वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर नसतात, आणि एकाचे दुसऱ्यावर तर कधीच नसतात. या ठिपक्यांवरूनच गणती झाली. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, जंगलाचा पत्ता नाही, आणि तरी १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ मोठे बिबटे. जवळपास तेवढेच तरसही! माद्यांबरोबर पिल्लंही होती. म्हणजे ते वाट चुकलेले पाहुणे नव्हते. उसातच जन्मलेले, तिथलेच रहिवासी.

आणि खात काय होते? त्याचं उत्तर विष्ठेत असतं. तिच्यात न पचलेले केस सापडतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरले की कुणाचे ते कळतं. सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा: भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी वाटा फक्त ११ टक्के. कारण अगदी साधं. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकाट असतं.

वाणगावच्या पूर्वेला पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांना यातलं बरंचसं सांगायची गरज नव्हती. रम्या नायर, विद्याताई आणि इतर सहकाऱ्यांनी २०२१ साली पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर जिल्ह्यांतल्या, वाघोबा या त्यांच्या देवाच्या ठाण्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. किती ठाणी नोंदवली असतील? दीडशे! लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ. वाघ म्हणजे इथे बिबट्याही आला. अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, त्याची मोठी पूजा होते. त्यामागच्या कथेत चक्क वाटाघाटी आहेत. कुमारी आईच्या पोटी आलेला मुलगा वाघ होतो, गुरं मारू लागतो. गाव आईकडे येतं. ती तोडगा काढते: याने रानात राहावं, गावाने ठाणं बांधून वर्षाचा मान द्यावा.

याचा अर्थ पाड्यावरची शेळी वाचते असा नाही. शेळी गेलेला माणूस भरपाईसाठी वनखात्याकडे जातो, आणि वाघोबाचा मान चुकला होता का, हेही घरात विचारलं जातं.