जुनी बाईक रस्त्यावर आणायचीय? आधी फोनवर तिचा रेकॉर्ड बघा

आमच्या गावच्या घरी बाबांची १९९५ ची आरएक्स १०० उभी होती. मागच्या दिवाळीत कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग टाकला आणि चौथ्या किकला गाडी सुरू झाली. बाबा खूश. मी म्हटलं, "बाबा, आरसी २०१५ लाच संपलीय." ते म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे, कागदाचं काय घेऊन बसलास?"

पण खरं काम कागदाचंच निघालं. गाडी दोन दिवसांत सुरू झाली, तिचा रेकॉर्ड सुरू व्हायला तीन महिने लागले. तुमच्या घरी जुनी बाईक असेल किंवा तुम्ही एखादी विकत घ्यायच्या विचारात असाल, तर हे आधी वाचा.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. हा गैरसमज दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्यांमुळे पसरलाय. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेतली की ती ५ वर्षांसाठी वाढते, आणि पुढेही दर ५ वर्षांनी असंच वाढवता येते.

म्हणजे खासगी बाईकला आपल्याकडे दरवर्षी फिटनेस तपासणी नसते. पण दोन गोष्टी सतत जिवंत ठेवाव्या लागतात. एक, थर्ड पार्टी विमा. दुसरी, पीयूसी. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना पीयूसी वर्षाची मिळते, आरएक्ससारख्या त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची.

गाडी दारात, पण सिस्टीममध्ये नाही

मी एमपरिवहन ॲप उघडून गाडीचा नंबर टाकला. रेकॉर्डच सापडेना.

कारण सोपं आहे. आज देशभरातल्या गाड्यांची माहिती 'वाहन' नावाच्या डेटाबेसमध्ये असते. १९९५ साली ती आरटीओच्या जाडजूड रजिस्टरमध्ये हाताने लिहिली जायची. अनेक जुन्या नोंदी नंतर संगणकावर चढवल्या गेल्या, पण काही मागे राहिल्या. अशी नोंद नव्याने चढवण्याला 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात. त्यासाठी मूळ आरसी बुक घेऊन, जिथे गाडीची नोंदणी झाली त्या आरटीओत अर्ज द्यावा लागतो.

आम्ही दिला. काही आठवड्यांनी ॲपवर गाडी दिसली. बाबांचं नाव बरोबर, रंग बरोबर. मग परिवहनच्या साइटवर नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसलो. तिथे चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक विचारतात. टाकले, तर म्हणे जुळत नाहीत.

चूक कुठे झाली ते जुनं आरसी बुक बघून कळलं. त्यात कुणीतरी १ असा काढला होता की तो ७ वाटावा. एन्ट्री करणाऱ्याने ७ वाचला. मी रोज डेटाबेसवरच काम करतो, तरी हे आधी लक्षात आलं नाही. सिस्टीमच्या दृष्टीने आमच्या दारातली गाडी आणि रेकॉर्डमधली गाडी या दोन वेगळ्या गाड्या होत्या. एका अंकामुळे नूतनीकरण अडलं, आणि चेसिस नंबर लागतो म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही अडली. शेवटी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलने नंबरचा छाप घेतला, दुरुस्तीच्या अर्जाला जोडला, तेव्हा तो अंक बदलला.

मग पुढची प्रक्रिया

१. परिवहनच्या साइटवर राज्य निवडा, गाडीचा नंबर टाका, नोंदणी नूतनीकरण निवडा. हा फॉर्म २५. ओटीपी रेकॉर्डमधल्या मोबाइलवर जातो, म्हणून वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असेल तर तो आधी बदलून घ्या.

२. शुल्क भरा. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारसायकलला मूळ शुल्क २,००० रुपये आहे, १५ ते २० वर्षांच्या गाडीला १,०००. उशीर झाला असेल तर केंद्राच्या नियमात महिन्याला ३०० रुपये जादा आहेत. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा थांबू नका.

३. ठरलेल्या तारखेला गाडी आरटीओत न्या. आरसी संपलेली असेल तर चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर जुळवतात, शिवाय ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेट बघतात. फटाके फोडणारा सायलेन्सर असेल तर घरीच बदलून जा.

टू-स्ट्रोक गाडीची पीयूसी निघेल का, ही भीती मलाही होती. पण ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, नंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५. ट्यूनिंग नीट असेल तर निघते.

'व्हिंटेज' म्हणजे नेमकं काय?

विकणारा म्हणेल, "भाऊ, व्हिंटेज पीस आहे." २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आरएक्स १०० भारतात १९८५ पासून आली, म्हणजे एकही आरएक्स अजून यात बसत नाही.

विकत घेताय?

टोकन देण्याआधी तीन गोष्टी करा. एमपरिवहनवर नंबर टाकून आरसीची मुदत बघा. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा, कारण जुन्या आरएक्समध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असणं नवीन नाही. मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर झालीय का ते विचारा, त्याचा फॉर्म ३१ असतो.

आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' किंवा 'एमपरिवहन' नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. त्या फाइल्स बँकेचे ओटीपी चोरण्यासाठी असतात.

एवढा खटाटोप कशाला, असं बाबांनी दोनदा विचारलं. मी एवढंच म्हटलं, "आरसी आणि विमा नसताना समोर कुणी आलं, तर भरपाई आपल्या खिशातून जाईल. ती लाखांत असते."

फेब्रुवारीत नवीन आरसी आली. डिजिलॉकरमध्ये टाकून बाबांना दाखवली. त्यांनी आधी चेसिस नंबर वाचला, एकेक अंक, मोठ्याने. मग चावी मागितली.