कंबर, काळजी आणि बोल्टर्स लॉक

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून परतल्यावर लोणची-मसाल्यांनी भरलेली 23 किलोची बॅग जिन्यावरून वर नेताना माझ्या कमरेत उसण भरली. चार दिवसांत जाईल म्हटलं, पण चार महिने झाले तरी गेली नाही. रात्री दोनला जाग यायची आणि विचार सुरू व्हायचे. मणका सरकला असेल का? नोकरी कशी निभेल? आईला बरं नसलं तर विमानात नऊ तास बसता येईल का? मन चिंती ते वैरी न चिंती! आई रोज फोनवर विचारायची, "अजून दुखतंय का गं? वाकू नकोस हो." मी वाकणं सोडलं, मग चालणंही. दुखणं वाढतच गेलं.

"तपासणीत धोक्याचं काही नाही," असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली तेव्हा मला रागच आला. म्हणजे मी नाटक करते का? "मुळीच नाही. दुखणं खरंच आहे, पण भीती त्याचा आवाज मोठा करते," ती म्हणाली.

1995 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका बांधकाम कामगाराची हकीगत आली होती. उडी मारताना 15 सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. वेदना इतकी, की गुंगीचं औषध देऊन खिळा काढावा लागला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांमधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! वेदना खोटी नव्हती. मेंदूने धोका ओळखला आणि गजर वाजवला.

त्याच वर्षी कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी या धास्तीची 13 प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी मोजतात: दुखण्याचाच विचार घोळत राहणं, वाईटात वाईट कल्पना करणं आणि हतबल वाटणं. भीतीने हालचाल टाळली, की स्नायू दुबळे होतात. मग थोडं हललं तरी दुखतं आणि भीती आणखी वाढते.

जुनाट दुखण्याचं स्पष्ट कारण सापडत नसेल, तर 'नाइस' संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शनात पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन सुरू करण्याऐवजी व्यायाम आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती सुचवली आहे. चालू औषधं मात्र परस्पर थांबवू नयेत. चिंता फारच छळत असेल, तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. पण कंबरदुखीबरोबर मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर थेट ए अँड ई गाठावं. तिथे काळजी करणंच योग्य.

मी सुरुवात कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालण्याने केली. काही दिवस दुखायचं, तरी ठरलेलं तेवढं चालायचं. पाच महिन्यांनी थेम्सकाठी बोल्टर्स लॉकपर्यंत पोचले. कंबर आजही कधीमधी कुरकुरते, पण रात्री झोप लागते.

मध्येच एकदा आईला म्हटलं, "दुखतंय का, ते रोज विचारू नकोस ना." ती जरा दुखावली. दुसऱ्या दिवशी मात्र फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, "आज कुठवर गेलीस?"

तिच्या लेखी तो साधा प्रश्न असेल. माझं अर्धं औषध तेच होतं.