शिंग, सांबरशिंग आणि सुरीची मूठ

सुरीची मूठ ‘शिंगाची’ आहे, एवढ्या वर्णनाने मराठीत त्या द्रव्याचा निर्णय होत नाही. म्हैस, गवा, काळवीट यांचे शिंग आणि सांबर, चितळ यांचे शिंग यांस भाषेने एकच नाव दिले असले, तरी द्रव्ये दोन आहेत. पहिले म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील नखाच्या जातीचे वेष्टन; ते जन्मभर टिकते आणि उष्णतेने मऊ होऊन दाबता येते. दुसरे केवळ हाड. नराच्या डोक्यावर लवदार कातडीखाली ते वाढते, कठीण होते, यथाकाल गळून पडते व पुन्हा नवे येते.

मूठ घडविणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होय. अशा हाडमय शिंगाचे बाह्य कवच घट्ट, तर गाभा सच्छिद्र असतो. सांबराच्या शिंगात कवच जाड व गाभा तुलनेने अल्प असतो. म्हणून त्याच्या उभ्या फळ्या काढून पात्याच्या मागील भागास दोन्ही अंगांनी खिळ्यांनी जडविता येतात. अखंड तुकडा घेतल्यास गाभ्यात भोक पाडून पात्याचे निमुळते टोक आत बसवितात व उरलेली पोकळी राळेने भरतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा पकडीसाठी मुद्दाम राखला जातो.

इंग्लंडातील शेफील्डच्या कारागिरांनी या द्रव्यास ‘स्टॅग’ म्हटले. शब्द त्यांच्या देशातील तांबड्या हरणाच्या नराचा. माल मात्र बराचसा भारतातील सांबराचा! संस्कृत ‘शंबर’पासून आलेले प्राण्याचे नाव इंग्रजीने जसेच्या तसे उचलले, त्याचे शिंग तेवढे परक्या नावाने विकले गेले. जर्मनमध्ये अशा शिंगांस ‘गेवाय’ हा स्वतंत्र शब्द असूनही सुरीची मूठ ‘हिर्शहॉर्न’चीच, म्हणजे हरणाच्या शिंगाची, म्हणविली जाते. किंबहुना इंग्रजी ‘अँटलर’देखील आरंभी कपाळालगतच्या पहिल्या फाट्याचाच वाचक होता. तेव्हा हा घोटाळा एकट्या मराठीचा नव्हे.

तथापि मराठीत तो आता निरुपद्रवी राहिलेला नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे भारतात सांबरशिंगाचा व्यापार निषिद्ध आहे. ते रानात आपोआप गळून पडलेले असले तरीही. म्हशीच्या शिंगास हा निर्बंध नाही. ‘शिंगी मूठ’ एवढीच नोंद करणारा संग्रहालयाचा लेखनिक अथवा अनुवादक म्हणूनच अपुरा ठरतो. ‘मृगशृंग’ हा भारदस्त पर्यायही उपयोगी नाही, कारण काळवीटही मृगच. औषधासाठी उगाळण्याच्या संदर्भात घरोघर परिचित असलेला ‘सांबरशिंग’ हा शब्द सांबरापुरता तरी निःसंदिग्ध आहे. चितळाच्या शिंगासाठी ‘चितळशिंग’ असेच लिहावे.