शंभरीतील आठवणी आणि जुन्या वह्या

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला आणि पेढीवर रोजमेळ लिहू लागलेला तरुण आज हयात असेल, तर तो शंभरीत आहे. युद्धकाळ जाणत्या वयात अनुभवलेली ही शेवटची पिढी होय. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ज्या घरात असे आजोबा किंवा आजी आहेत, त्या घराने त्यांच्या आठवणी विनाविलंब नोंदवून ठेवल्या पाहिजेत.

त्या काळातील नगरचा इतिहास लिहिला गेलाच नाही, असे नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक झालेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथील भुईकोट किल्ल्यात आणले गेले. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्याची सरकारदरबारी नोंद झाली. परंतु किल्ल्याच्या तटाबाहेर, दुकानात व स्वयंपाकघरात ती वर्षे कशी गेली, हे बहुतांशी माणसांच्या स्मरणातच राहिले.

वृद्ध व्यक्तीस ‘१९४३ साली काय झाले?’ असे विचारल्यास क्वचितच उत्तर मिळते. खुणेची गोष्ट विचारली, की स्मृती जागी होते. चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणलेला रुपया १९४० मध्ये निघाला. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोटही आली. नाणे वाजवून घेणाऱ्या व्यापाऱ्याला ती नोट कशी वाटली असेल? तांबे वाचविण्यासाठी १९४३ मध्ये भोकाचा पैसा काढण्यात आला. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथून येणारा तांदूळ थांबला. मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. ‘भोकाचा पैसा आला तेव्हा आपले दुकान कोठे होते? रॉकेल कसे मिळे? सणाला कापड मिळाले का?’ असे प्रश्न विचारावेत. आजींना स्वयंपाकघर, माहेर, बाळंतपण यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे. अन्यथा पुरुषमंडळीच त्यांच्या वतीने उत्तरे देतात.

व्यापारी कुटुंबांजवळ एक साधन आहे, जे इतरांजवळ सहसा नसते. ते म्हणजे जुन्या वह्या. दिवाळी १९४२ ला सुरू झालेली संवत् १९९९ ची वही माळ्यावर असेल, तर ती आजोबांसमोर उघडावी. एखादे नाव, धान्याचा भाव किंवा हमालीची रक्कम वाचली, की त्यामागची हकीकत आपोआप पुढे येते; आणि सांगितलेली गोष्ट खतावणीशी ताडूनही पाहता येते. मात्र मारवाडी पेढ्यांवरील अनेक वह्या महाजनी लिपीत, काना-मात्रा गाळून लिहिलेल्या असत. ‘काका अजमेर गये’ हा मजकूर ‘काका आज मर गये’ असा वाचला गेल्याची गोष्ट आपल्याकडे हसत सांगतात. घरातील वही बिनचूक वाचणारी शेवटची व्यक्ती आपले आजोबाच असू शकतात. त्यांच्यानंतर वही उरेल, पण ती वाचणार कोण?

आता एक अवघड बाब. युद्धकाळात टंचाई होती, नियंत्रण होते आणि काळाबाजारही होता. आपल्या दुकानाने त्या दिवसांत काय केले, कोणाला उधारीवर धान्य दिले, कोणाला रिकाम्या हाती परत पाठविले, हे विचारण्यास आपण कचरतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे, की केवळ जमेच्या नोंदींनी ताळेबंद जुळत नाही. नातवाने न्यायाधीश न होता विचारावे आणि जसे सांगितले तसेच लिहावे. एखादे नाव किंवा प्रसंग लिहू नये, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा असल्यास ती प्रमाण मानावी. परंतु आपल्याकडून रंग भरू नये.

नोंदीची पद्धत सोपी आहे. सकाळी, ते ताजेतवाने असताना, अर्धा तास पुरे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना आरंभी दिनांक, स्थळ व उपस्थितांची नावे उच्चारावीत. त्यांची मारवाडीमिश्रित मराठी सुधारू नये. लिहून काढलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि प्रती दोन घरांत ठेवाव्यात.

महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले. परंतु ‘आत्मवृत्त’ त्यांनी १९१५ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षीच प्रसिद्ध केले होते. म्हणून शंभरीची वाट न पाहता सत्तरी-ऐंशीतील आई-वडिलांपासूनही आरंभ करता येईल. शंभरीतील आजोबांच्या बाबतीत मात्र येत्या दिवाळीच्या वहीपूजनापर्यंतही थांबू नये. एक कोरी वही आणावी, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहावे आणि या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसावे.