पाळीआधीचे ते आठ दिवस

मैत्रिणींनो, पाळीच्या चार दिवसांबद्दल आता आपण बऱ्यापैकी मोकळेपणी बोलतो. पण त्याआधीच्या आठ दिवसांचं काय? तेव्हाचं रडू, चिडचिड, फुगलेलं पोट, दुखणारी छाती, उडालेली झोप या सगळ्याला घरात एकच नाव असतं, 'नाटकं'!

बोरिवलीत आमचं महिला मंडळ कॉलेजच्या मुलींशी गप्पांचा कार्यक्रम करतं. एकदा सगळ्या गेल्यावर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "काकू, दर महिन्याला आठवडाभर मला जगूच नये असं वाटतं. पाळी आली की दोन दिवसांत सगळं ठीक. आई म्हणते, तुझ्या वयात आम्हाला नव्हतं बाई असलं काही!" तिला आम्ही डॉक्टरांकडे नेलं.

नेहमीच्या त्रासाला डॉक्टर 'पीएमएस' म्हणतात. भारतातल्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात सुमारे ४३ जणींना तो आढळला. 'पीएमडीडी' हा त्याचा तीव्र प्रकार. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार मानलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही. म्हणजे ही नाटकं नव्हेत! यात हार्मोन्स बिघडलेले नसतात. त्यांच्या नेहमीच्या चढउताराला काहींचा मेंदू जास्त संवेदनशील असतो, एवढंच.

मग धोका कुणाला जास्त? आई किंवा बहिणीला त्रास असेल तर, सततचं टेन्शन, आधी येऊन गेलेलं नैराश्य, लहानपणी सोसलेला छळ, वाढलेलं वजन, सिगारेट. आहारात कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व कमी असणं याचाही संबंध दिसला आहे. आता आपल्या मुलींचा दिवस बघा. पहाटेचा क्लास, गर्दीची लोकल, दुपारी वडापाव नि चहा, रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल! यातलं काही असलं म्हणजे त्रास होणारच असं नाही, पण जे हातात आहे ते बदलता येतं.

सुरुवात सोपी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने रोज खूण करा, आज कसं वाटलं, झोप किती, पाळी कधी. त्रास पाळीआधीच येतो आणि पाळी आल्यावर ओसरतो का, ते त्यातून कळतं. डॉक्टरही हीच नोंद मागतात. जेवणात नाचणीची भाकरी, दूध-दही, तीळ असू द्या. रोज अर्धा तास चाला, वेळेवर झोपा. एवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. चांगली औषधं आहेत. मनाच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर लाजू नका. मात्र कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर दोन महिने थांबायचं नाही. सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि आयांनो, हे कुटुंबात चालत येतं हे लक्षात घ्या. तुम्हाला काय व्हायचं ते एकदा आठवून मुलीला सांगा. आजीलाही विचारा. 'मलाही व्हायचं गं' हे तीन शब्द कुठल्याही गोळीआधी कामाला येतात.